चौघांचा बाजार

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आई गेली. सकाळी तिनं भाकरी केल्या. दुपारी तिला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी अप्पा आले, ती आली नाही.

मी तेव्हा सातवीत होते. थोरली बहीण, जिला मी आणि सगळी वस्ती अक्का म्हणत असू, ती सतरा वर्षांची होती. अप्पा बसवकल्याणच्या कचेरीत शिपाई होते. आम्ही चौघं होतो, तिघं झालो.

हे सगळं आज लिहायला बसले आहे, कारण येळवस जवळ आली आहे. बिदरजवळच्या मैलूरच्या माझ्या घरामागच्या शेतात तूर भरली आहे, आणि सकाळी खिडकी उघडली की ओल्या पाल्याचा वास आत येतो. यंदा श्रावणात अक्काही गेली. तेव्हापासून गल्लीतल्या बायका मला हळू आवाजात सांगतात, यंदा येळवस करू नका बाई, वर्ष फिरायचं आहे अजून. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. मी ऐकून घेते, मान हलवते आणि घरात येऊन हरभऱ्याची डाळ निवडायला घेते.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. ती आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या तालुक्यांत जशी होते तशी दुसरीकडे होत नसावी. त्या दिवशी गाव शेतात जातं. दारांना कुलपं, रस्त्यावर कुत्रीसुद्धा नाहीत. शेतात कडब्याची खोप करतात, पूजा करतात आणि मग जेवण. तुरीचे ओले दाणे, वाटाणे, हरभऱ्याचा पाला, शेंगदाणे, चिंच, सगळं बेसनात एकत्र शिजवलेली दाट भज्जी. ज्वारीचे वाफवलेले उंडे. मडक्यात आंबवलेली, ताक घातलेली गार आंबील. या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या दिवसाची रीत. बांधावरून जाणाऱ्या माणसाला हाक मारायची, ओळखीचा असो नसो, बसवून जेवायला घालायचं. आणि ज्याला हाक मारली त्यानं नाही म्हणायचं नाही. येळवशीला कुणी उपाशी घरी गेला तर तो शेताच्या मालकाचा कमीपणा, आणि बोलावल्यावर कुणी जेवला नाही तर तो जाणाऱ्याचा उर्मटपणा.

ही रीत सर्वांसाठी होती, असं पुस्तकांत लिहितील. मी लहान असताना आईचा हात धरून मल्लम्मांच्या शेतात गेले आहे. मल्लम्मा उमरग्याच्या रस्त्यालगतच्या शेतमालकाची बायको. घरात कन्नड बोलायच्या, आमच्याशी मराठी. सगळ्या पंगती उठल्या की बांधाच्या पलीकडे उभ्या राहिलेल्या आमच्या बायकांना हाक यायची. आई पातेलं पुढे धरायची आणि वरून, बऱ्याच वरून, भज्जीची धार पडायची. एकदा त्या धारेचा शिंतोडा आईच्या मनगटावर उडाला. भज्जी गरम होती. आईनं पातेलं हलू दिलं नाही.

मग अप्पांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या वर्षापासून आम्ही कुणाच्या बांधावर गेलो नाही. अप्पा म्हणाले, "पंगतीत बसवतील तवा जाऊ." कुणी बसवलं नाही. मग येळवशीला गाव ओस पडायचं आणि आमची वस्ती मात्र घरात बसून असायची. आई त्या दिवशी मुद्दाम साधं पिठलं करायची आणि दार लोटून घ्यायची. शेतांकडून वारा यायचा, त्यात भज्जीचा वास असायचा. लोटलेल्या दारानं वास अडत नाही. मी पुस्तकात तोंड घालायची. अप्पांनी घेतलेला निर्णय बरोबर होता हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तोंडाला पाणी सुटत होतं हेही खरं.

आई गेल्यावर अप्पांची बहीण, सोनाआत्या, औरादकडून आली आणि पंधरा दिवस राहिली. आत्या मायाळू होती. आम्हा दोघींना तिनं न्हाऊ घातलं, केस विंचरले, रडू दिलं. पण जायच्या आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गेली, एकेका डब्यावर बोट वाजवलं आणि बाहेर येऊन अप्पांसमोर बसली.

"दादा, सतरा वर्साची पोर घर चालवत न्हाई. वीस तारखेला हे डबे ढोलावानी वाजतेत बघ. शांताला मी नेते. चार कामं शिकंल, पुढं माझ्याच घरात राहील. एक तोंड कमी झालं की तुमचं बी भागंल."

शांता म्हणजे मी. पुढे माझ्याच घरात राहील, याचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना कळतो. आत्याला मुलगा होता. आत्याच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती.

नाही म्हणायला अप्पांकडे कारण नव्हतं. अक्का चुलीपाशी होती, तिथूनच बोलली.

"आत्या, येळवसपतोर राहू द्या तिला."

"कामून? येळवशीला काय व्हणार हाय?"

"काय व्हायचं न्हाई. एका बी महिन्यात मी कुणाच्या दारात वाटी घेऊन उसनं मागाय गेले असं तुमच्या कानावर आलं, तर येळवशीला या अन् न्या हिला. न्हाई गेले तर पुन्हा ही गोष्ट काढायची न्हाई."

"बया! माझ्याशी पैज लावायलीस व्हय गं?"

"पैज न्हाई. सांगायले."

आत्या हसली. अप्पांकडे बघून म्हणाली, "आईवर गेलीय." मग जाता जाता आणखी एक बोलली. अमावस्येला वहिनीच्या नावानं पान वाढून बाहेर ठेवा. अप्पांनी मान हलवली. ते आम्ही सोडलंय, म्हणाले. आत्यानं विचारलं, "मग तिच्या वाटणीचं कोण खाणार?"

पहिल्या पगाराला अप्पा पिशव्या घेऊन बाजाराला निघाले. उंबऱ्याशी थांबून म्हणाले, "आता तिघांचंच आणावं लागंल. ज्वारी, डाळ, सगळंच थोडं कमी." अक्कानं पिशव्यांची घडी त्यांच्या हातात दिली. "चौघांचं आणा," म्हणाली.

"गये," लेकीला ते अशीच हाक मारायचे, "खाणारी तिघं हाव."

"आईचं घर चौघांच्या बाजारावर चालत होतं. मला तेवढाच ठाव हाय. आणा."

अप्पांना वाटलं पोरीला अजून खरं वाटत नाही. त्यांनी वाद घातला नाही. चौघांची ज्वारी आली, चौघांची डाळ, तिखट, मीठ, गूळ, शेंगदाणे, करडईचं तेल. रोज सकाळी अक्का चौघांचं माप काढायची. त्याच्या चार वाटण्या करायची. तीन शिजायच्या. चौथी आईच्या लुगड्यांच्या पेटीशेजारच्या मडक्यात जायची. ज्वारी एका मडक्यात, डाळ दुसऱ्यात, शेंगदाणे फडक्यात बांधून. तेलाचीही चौथी वाटणी एका बाटलीत जायची. अप्पांना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण कशासाठी ते माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "तुला काय करायचंय? पाढे म्हण."

मडकं भरत होतं तरी आमच्या वाटणीच्या डब्याची शिस्त सुटत नव्हती. महिना संपायच्या आधी गूळ संपला तर संपला. चहा बिनगुळाचा. मिरची संपली तर मिठाबरोबर कांदा. मी एकदा मडक्याकडे बोट दाखवून म्हटलं, त्यात तर आहे की. अक्कानं माझ्याकडे असं बघितलं की मी बोट मागे घेतलं.

"ते आपलं न्हाई," ती म्हणाली.

काटकसर या शब्दाचा मला राग आहे. शाळेत मुलांना निबंधाला हा विषय देतात आणि मुलं लिहितात की काटकसर हा सद्गुण आहे, थेंबे थेंबे वगैरे. ज्यांच्या घरी पाहिजे तेवढं आहे ती माणसं थोडं कमी वापरतात, त्याला तो शब्द शोभतो. आमच्या घरी जे चाललं होतं त्याला दुसरा शब्द पाहिजे. अक्का कमी वापरत नव्हती, ती राखत होती. सतरा वर्षांची मुलगी पगाराच्या तारखेपासून पगाराच्या तारखेपर्यंत एक हद्द राखत होती आणि त्या हद्दीच्या आत मी होते, माझी पाटी होती, इतिहासाचं पुस्तक होतं. डब्याचा तळ लागला असता तर मी औरादच्या मोटारीत बसले असते. हे कुणी मला समजावून सांगितलं नव्हतं. पण त्या चार महिन्यांत भाकरीचा शेवटचा तुकडा मी कधी टाकला नाही, आणि दुसरी भाकरी कधी मागितली नाही.

गिरणीत बायका बोलायच्या. गिरणीत सगळ्यांचं सगळं कळतं, कुणाचं दळण किती, कुणाची ज्वारी किडकी. एक दिवस शेजारची काशीमावशी पाटीत वाकून बघत म्हणाली, "आई असताना बी एवढंच अन् आता बी एवढंच? तुमच्या घरी मेलेली माणसं बी जेवतेत वाटतं."

अक्का म्हणाली, "जेवतेत. तुमच्या घरी जिवंत असून बी उपाशी हाईत, त्याचं बघा." काशीमावशीची सासू त्याच महिन्यात लेकीकडे निघून गेली होती. गिरणीचा पट्टा फिरत होता तरी बायकांचं हसू ऐकू आलं. काशीमावशी आठ दिवस आमच्याशी बोलली नाही आणि नवव्या दिवशी वाटीभर अंबाडी घेऊन आली. अक्कानं ती घेतली, पण आधी विचारलं, "उसनी का दिलेली?" "दिलेली गं बाई, दिलेली," काशीमावशी म्हणाली.

दसरा आला, दिवाळी आली. दिवाळीत वस्तीत इकडेतिकडे कढया चढल्या. आमच्याकडे दोन दिवस गव्हाची खीर झाली, तीही चौथी वाटणी काढून. संध्याकाळी थंडी पडू लागली. शेतात तुरीला पिवळी फुलं आली, मग ती गळाली आणि शेंगा लोंबू लागल्या. शाळेतून येताना मी रस्त्याकडच्या तुरीतून एक शेंग सुद्धा तोडत नव्हते. बाकीच्या मुली तोडायच्या, खिसे भरायच्या. मला वाटायचं, कुणीतरी बघेल आणि आत्याला कळवेल.

माझी भाची सुजाता, अक्काची धाकटी, कॉलेजसाठी माझ्याकडे राहते. पहिल्या तारखेला ती दुकानात जाते. आता सगळं पुड्यांत बांधलेलं मिळतं, माप डोळ्यांना दिसत नाही. गेल्या महिन्यात ती वैतागून म्हणाली, "मावशी, आपण दोघीच हाव. तीन माणसांचा किराणा कामून आणायला लावतीस? भाव बघायलीस का?" मी म्हटलं, भाव बघते, म्हणूनच सांगते. तिला ते उत्तर पटलं नाही. अक्काला माझं बोलणं नीट कळायचं, कारण ती ते बोलण्याआधी करून बसलेली असायची. माझ्या पगारात हे बसतं की नाही, असं माझ्या सहकारी बाईंनीही विचारलं. बसवते. ज्यांना बजेट म्हणजे कोणाकोणाला वगळायचं याचा हिशेब वाटतो त्यांचं बजेट वेगळं. मला अक्कानं शिकवलं की आधी माणसं धरायची, मग डाळ.

त्या वर्षी येळवस महिन्याच्या अखेरीला आली. पगाराला आठवडा होता. दोन दिवस आधी अक्कानं पेटीशेजारची मडकी बाहेर काढली आणि अप्पांच्या समोर ठेवली.

"हे काय?"

"आईची वाटणी. येळवस करायची आपण."

अप्पांनी एकेका मडक्यावरचं झाकण काढून बघितलं. मग म्हणाले, "शेत कुठंय आपल्याला?"

"उमरग्याच्या रस्त्याला चिंच हाय. ती कुणाच्या सातबाऱ्यावर न्हाई. तिथं बसू. जाणाऱ्यायेणाऱ्याला हाक मारू."

"अन् कुणी थांबलं न्हाई तर?"

"आपण तिघं खाऊ."

"लोक हसतील, गये."

"चार महिने हसायलेतच की."

अप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. कचेरीत रोज वाकणारा माणूस होता तो, साहेबाच्या मागे फाइली घेऊन चालणारा. पण दीक्षाही त्यानंच घेतली होती. दुसऱ्या दिवशी ते बाजारातून तुरीच्या शेंगा आणि हरभऱ्याचा पाला घेऊन आले. त्या आठवड्याच्या आमच्या भाजीऐवजी. म्हणाले, "भाजी नको आपल्याला. आईच्यात घाला."

येळवशीच्या सकाळी आम्ही निघालो तेव्हा अवघं गाव आमच्या पुढे चाललं होतं. बैलांच्या गळ्यात घुंगरं, बायकांच्या डोक्यावर पाट्या, आंबिलीची मडकी. अक्काच्या डोक्यावरही मडकं होतं. माझ्याकडे उंड्यांची पाटी. अप्पांच्या हातात सरपण आणि अंगात कचेरीचा कोट, कारण दुसरा चांगला कपडा त्यांच्याकडे नव्हता. लोक बघत होते. एकानं विचारलं, "काय शिपाई, कुणाच्या शेतात?" अप्पा म्हणाले, "आमच्याच." आणि पाय उचलला.

चिंचेखाली तीन दगड मांडले. भज्जी घरूनच शिजवून आणली होती, ती परत गरम केली. करडईच्या तेलात लसूण पडला आणि तो वास पहिल्यांदा आमच्याकडून शेतांकडे गेला. अक्का रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

पहिली गाडी गेली. अक्कानं हाक मारली, "ओ काका, या जेवायला!" गाडीवाल्यानं ऐकलं, बघितलं, बैलांची शेपटी पिरगळली. दुसरी गेली. सायकलवरचा एक माणूस थांबल्यासारखा झाला, आम्ही कोण ते ओळखलं आणि म्हणाला, "पुढं जेवायचंय." पुढं सगळ्यांनाच जेवायचं होतं. मी म्हटलं, "अक्का, पुरे की." ती वळली नाही. परत हाक मारली, आधीपेक्षा मोठ्यानं.

मग मौलाचाचा आले. किल्ल्याजवळ त्यांची गाडी असायची, लाकडं वाहायचे. त्यांनी गाडी थांबवली.

"कायकू बैठे गे बेटी रस्ते पे? खेत नई मिल्या?"

"हेच आमचं शेत, चाचा. बसा."

"हौ? अच्छा खेत है. छाँव का खेत," म्हणाले आणि चाबूक चिंचेला टेकवून मांडी घातली. पानावर भज्जी वाढली तशी बोट चाटत म्हणाले, "मिरची तेज है. माँ पे गई तू." आई त्यांच्या गाडीतून सरपण घ्यायची, ते मला तेव्हा आठवलं. चाचांनी आंबील दोनदा मागितली. एक माणूस जेवताना दिसला की दुसऱ्याचा पाय अडखळतो. वडारांची दोन माणसं थांबली, आमच्याच वस्तीतली काशीमावशी पोरं घेऊन आली, दूरच्या गावाहून चाललेला एक म्हातारा बसला आणि जेवून उठेपर्यंत त्यानं आम्ही कोण हे विचारलंच नाही.

रस्त्याच्या पलीकडे मल्लम्मांचं शेत. त्या खोपीपाशी उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. अक्का रस्ता ओलांडून बांधापर्यंत गेली. मी तिच्या मागे.

"मल्लम्मा, या. आमची भज्जी खाऊन बघा."

त्या गोंधळल्या. "मला आज उपास हाय गं."

"येळवशीला उपास? कोणत्या देवाचा?"

त्यांच्या सुना पदरात तोंड घालून हसल्या. मल्लम्मांचा चेहरा लाल झाला. थोड्या वेळानं त्या खरंच आल्या, रस्ता ओलांडून, पण हातात घरचा तांब्या होता. "आंबील दे थोडी ह्यात," म्हणाल्या. त्यांच्या बाजूनं ते फार होतं, हे मला आज कळतं. आपल्या सुनांसमोर, गड्यांसमोर त्या आमच्या चुलीपाशी आल्या होत्या. अक्कानं त्यांच्यासाठी पोतं झटकून अंथरलं. आमच्या पितळी वाटीत आंबील घेतली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली.

"बसून प्या. तांब्यात वतून देणार न्हाई."

मल्लम्मांनी वाटी घेतली नाही. मग तांब्या पदराखाली घेऊन परत गेल्या. लोक विचारतात, पुढच्या वर्षी आल्या असतील ना? नाही आल्या. कधीच आल्या नाहीत. गोष्ट गोड व्हावी म्हणून मी त्यांना पोत्यावर बसवू शकत नाही. पण आम्हाला त्यांनी पुन्हा कधी वरून काही वाढलं नाही, आणि आम्ही पुन्हा कधी पातेलं धरलं नाही.

दुपार कलताना औराद-उदगीरकडून येणारी सरकारी मोटार आली. अक्का रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. अप्पा ओरडले, "गये, बाजूला!" ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. कंडक्टर खाली उतरला, धारवाडकडचा नवा पोरगा, त्याला येळवस माहीत नव्हती. रागानं बोलायला तोंड उघडलं आणि वास आला. "एन री, ऊटा?" म्हणाला. जेवण का? ड्रायव्हर इथलाच होता. तो खिडकीतून म्हणाला, "येळवस हाय रे, न्हाई म्हणायचं नसतं." इंजिन बंद झालं. सगळे उतरले नाहीत. काही जण तोंड फिरवून बसून राहिले. पण निम्मी मोटार चिंचेखाली आली, आणि भज्जीचं पातेलं तळाला गेलं.

अक्कानं क्षणभरही विचार केला नाही. घरच्या डब्यातलं उरलेलं बेसन तिनं सोबत आणलंच होतं. दगडांवर दुसरं पातेलं चढवलं, आईची बाटली पालथी केली, ती संपल्यावर आमच्या महिन्याची बाटलीही. फोडणी तडतडली तेव्हा मोटारीतून सगळ्यात शेवटी एक बाई उतरली. तिच्या एका हातात पिशवी होती, माझे कपडे न्यायला आणलेली, वरून रिकामी दिसणारी.

सोनाआत्यानं चिंच बघितली, कंडक्टर बघितला, मौलाचाचा बघितले, कोट घालून उंडे वाढणारा आपला भाऊ बघितला.

"दादा," ती म्हणाली, "हे काय आरंभलंय?"

अप्पा म्हणाले, "वहिनीच्या वाटणीचं कोण खाणार म्हणालतीस न्हवं? बस. पान घे."

आत्या बसली. जेवली. आंबिलीची वाटी रिकामी झाल्यावर तिनं ती परत पुढे केली.

संध्याकाळी घरी आल्यावर मात्र ती थेट स्वयंपाकघरात गेली. डबे वाजवले. ज्वारी होती, तूरडाळ होती, मीठमिरची होती. बेसनाचा डबा रिकामा. तेलाची बाटली रिकामी. ती बाटली तिनं उजेडात धरली.

"संपलं की गं तेल. पगाराला आठ दिस. आता जा वाटी घेऊन."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

"संपलं तर संपलं," अक्का म्हणाली. "बिनफोडणीचं खाऊ."

आत्यानं आपल्या पिशवीच्या तळातून फडक्यात गुंडाळलेली करडईच्या तेलाची बाटली काढली. घरच्या घाण्याचं होतं. "हे घे. तुमच्यासाठीच आणलंय."

अक्का हात पुसत होती. तिनं बाटली घेतली नाही. "आत्या, वाटी काय अन् बाटली काय."

"अगं मी आणलेलं उसनं व्हतंय व्हय?"

"आज न्हाई. उद्या तुम्हीच म्हणशीला, मी तेल दिलं म्हणून महिना निघाला. पगारानंतर द्या, डोक्यावर घेऊन नाचते."

आत्या खाली बसली, पदर खोचला. "बरं हाय. मी बी पगारापतोर राहते. बघते कशी खाता बिनफोडणीचं."

तो आठवडा मला चवीसकट आठवतो. निखाऱ्यावर भाजलेला लसूण मिठात चेचून. जवसाची कोरडी चटणी. उकडलेली डाळ, तिच्यावर चिंचेचं पाणी. कांदा चुलीत भाजून सोललेला, त्याचा गोड धूर. आत्या पहिल्या दिवशी कुरकुरली, दुसऱ्या दिवशी शिव्या दिल्या, तिसऱ्या दिवशी काशीमावशीनं जेवायला बोलावलं तर बसली नाही. "न्हाई बाई, आमच्याकडं झालंय," असं सांगून आली. चुलीपाशी येऊन भाकरीचा तुकडा डाळीत बुडवत म्हणाली, "तुझी आई बी अशीच व्हती. मरंल पण मागणार न्हाई." आणि मग, घर हातात घेतल्यापासून पहिल्यांदाच, अक्का रडली. आत्यानं तिला मांडीवर घेतलं. मी डाळ सांडू नये म्हणून पातेलं धरून बसले.

पगाराच्या दिवशी अप्पा बाजार घेऊन आले. चौघांचा. अक्कानं तेल तापवलं, मिरची टाकली आणि ठसका लागून सगळ्यात आधी आत्याच शिंकली. आम्ही इतके हसलो की मिरची करपली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं ती गेली. पिशवी रिकामीच होती. जाताना मला म्हणाली, "पास हो गं. नापास झालीस तर मी हाईच."

अक्काचं पुढे लग्न झालं, भालकीला घर झालं, चार पोरं झाली. तिच्या घरीही महिना महिन्यात संपायचा आणि येळवशीला रस्त्यावरची माणसं जेवायची. तिचं स्वतःचं शिक्षण दुसरीवरच थांबलं. त्याबद्दल मी तिच्याशी कधी बोलले की ती म्हणायची, "तू वाचतीस की, बास." बास कसं असेल? नव्हतं. तिच्या चौथ्या वाटणीवर मी मॅट्रिक झाले, बी.एड. झाले, आणि तिला सही करताना अक्षरं जुळवावी लागायची. ज्या दिवसांनी तिच्यावर हे लादलं त्यांच्यावरचा माझा राग अजून शिल्लक आहे, आणि शोकाबरोबर तो जाईल असं मला वाटत नाही. जाऊही नये.

यंदा येळवस करू नये म्हणतात. मी उद्या करणार आहे. सुजातानं बेसन दळून आणलं आहे, आंबील काल आंबवायला ठेवली. आमच्या घरासमोरून बिदरच्या दवाखान्याकडे जाणारी माणसं चालत जातात, त्यांना हाक मारू. कुणी थांबेल, कुणी थांबणार नाही.

अप्पा गेले, आत्या गेली, अक्का गेली. रस्ता रुंद करताना चिंच तोडली. मी आहे. परवापासून शाळा आहे, आणि नववीचा मराठीचा तास माझ्याकडे आहे.